वेल्डिंगच्या मशीनखालचे मणी

बारामती परिसरात लोक ऊस बघायला जातात, द्राक्षं बघायला जातात. मी गेले ती ताप बघायला. माझ्या सामानात कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त होत्या आणि एसटीच्या कंडक्टरनं दोनदा विचारलं होतं, यात ॲसिड वगैरे नाही ना.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझं पीएच.डी.चं काम चाललं होतं. विषय सांगितला की चिपळूणला आई विचारायची, "म्हणजे तू दिवसभर नेमकं करतेस काय?" तिला जे सांगायचे तेच इथं सांगते. मी प्लॅस्टिकचे मणी करायचे. इतके बारीक की शंभरेक मणी एका ओळीत ठेवले तर एका केसाच्या जाडीएवढी रांग व्हावी. प्रत्येक मण्याच्या पोटात लोहाची पूड. एरवी ते पाण्यात सुटे फिरायचे, पण बाहेरून लोहचुंबक लावलं की सगळे त्या बाजूला जाऊन बसायचे. अशा मण्यांच्या अंगावर एखाद्या आजाराच्या मेलेल्या जंतूंचा अंश चिकटवायचा आणि त्यांवर रोग्याच्या रक्ताचा थेंब सोडायचा. तो आजार झालेला असेल, तर रक्तातली त्याविरुद्धची द्रव्यं मण्यांना घट्ट धरतात. मग चुंबकानं मणी ओढून धरायचे, बाकीचं धुऊन टाकायचं आणि रंग दाखवणारे थेंब घालायचे. निळं झालं तर आजार आहे.

मणी घडवायचे ते आवाजानं. प्लॅस्टिक आणि लोहाची पूड एका उडून जाणाऱ्या द्रवात कालवायची, तो काला पाण्यात ओतायचा आणि त्यात धातूची दांडी बुडवायची. ती दांडी सेकंदाला वीस हजार वेळा थरथरते. कानाला ऐकू येत नाही, पण तेवढ्या थरथरीनं काल्याचे बारीक बारीक थेंब होतात. द्रव उडून गेला की थेंबांचे मणी उरतात.

बारामतीच्या डॉ. सुनंदा सोनवणे यांनी आमच्या सरांना पत्र पाठवलं होतं. त्यांची रक्त तपासायची छोटी लॅब होती. आसपासच्या गावांतून बरेच दिवस ताप असलेली माणसं त्यांच्याकडे येत. मलेरिया निघत नसे, टायफॉइड निघत नसे. बहुतेकांच्या घरी गाई होत्या. गाईंपासून माणसाला होणारा एक ताप असतो, ज्यानं गाई गाभडतात, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू टाकतात, तोच. त्याची जुनी तपासणी पुण्याला होत असे, पण तिथवर नमुना पाठवायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. तुमचे मणी इथं टेबलावर चालतात का ते बघायला कुणाला तरी पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. सरांनी मला पाठवलं.

बारामती

मार्चचा पहिला आठवडा होता. स्टँडवर उतरले तेव्हा उन्हानं डोळे दिपले. चिपळूणचं ऊन घामट, इथलं कोरडं. अंगावर घाम दिसत नाही आणि घसा मात्र सुकतो. सुनंदाताई स्वतः स्कूटर घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या घरीच माझी सोय होती. पुढच्या खोलीत लॅब, मागे घर, आणि मधल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे ताज्या मोगऱ्याची वाटी.

चहा झाल्यावर मी सामान उघडलं. मण्यांची बाटली आणि चुंबक मी एकाच पिशवीत ठेवले होते. चार तास एसटीच्या धक्क्यांत मणी बाटलीच्या एकाच बाजूला ओढले जाऊन त्यांचा काळा गठ्ठा झाला होता. बाटली हलवली, तर गठ्ठा तसाच्या तसा फिरला. मी तो काचकांडीनं फोडायला गेले, तर त्याचे खडे झाले. सहा महिने ज्या गोष्टीवर काम केलं तिच्याबद्दलची पहिली अक्कल मी विसरले होते. हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती, पण सुनंदाताई समोरच उभ्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. उद्या सकाळी एका बाईला भेटायचं ठरलंय, एवढंच म्हणाल्या; ते चुकवता येणार नाही, मण्यांचं नंतर बघू.

काटेवाडी

काटेवाडीला स्कूटरवर जायला फार वेळ लागला नाही. कालव्याच्या पाण्यानं दोन्ही बाजू हिरव्या होत्या. ऊस, मक्याचे तुरे, मध्येच टोमॅटो. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या कडेला कोरलेली पायरी. इथं नजर जाईल तिथवर सपाट जमीन बघून मला जरा उघडं पडल्यासारखं झालं.

ज्यांना भेटायचं होतं त्या शालनबाईंचं घर मळ्यातच होतं. पुढे भाजीचे वाफे, बाजूला गोठ्यात तीन गाई. सासूनं आम्हाला ओट्यावर बसवलं. शालनबाई आत होत्या, पण बाहेर आल्या त्या मागच्या दारानं, आणि आमच्यापासून चार हात लांब, पेरूच्या झाडाखाली बसल्या. वय पस्तिशीच्या आतलं, पण गाल बसले होते. गेले चार महिने रोज संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजायचं, कंबर आणि गुडघे धरायचे. एका डॉक्टरांनी क्षय असावा असं सांगितलं होतं. छातीच्या फोटोत काही दिसलं नव्हतं, थुंकीतही नाही. तरी येत्या सोमवारपासून क्षयाच्या गोळ्या सुरू करायचं ठरलं होतं. आणि 'क्षय' हा शब्द घरात आल्या दिवसापासून त्यांचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं झालं होतं. सहा वर्षांच्या मुलीला आजोळी धाडलं होतं.

हे सगळं सासूबाईंनीच सांगितलं, जरा कोरड्या आवाजात. शालनबाई जमिनीवर काडीनं रेघा ओढत होत्या.

सुनंदाताईंनी विचारलं, गोठ्यात एवढ्यात कुठली गाय गाभडली होती का.

शालनबाईंनी मान वर केली. "व्हय. दिवाळीच्या आधी. सातव्या महिन्यात टाकलं तिनं. वासरू अडकलं हुतं, मीच काढलं."

"हातानं?"

"मग कशानं काढायचं?"

सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं; जंतू त्या हातांवाटेच शिरले असावेत, असं दोघींच्याही मनात आलं. त्यांनी रक्त घेतलं, दोन नळ्यांत. एक पुण्याला जुन्या तपासणीसाठी, एक आमच्यासाठी. पुण्याचं उत्तर यायला आठवडा तरी जाणार होता, आणि तो दिवस होता मंगळवार.

आम्ही उठलो तेव्हा शालनबाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "ताई, चहा मी टाकला तर घ्याल का? उकळलेला असतोय." मी क्षणभर थांबले. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. आजार कोणता हे तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? पण सुनंदाताई पुन्हा खाली बसल्या, तेव्हा मीही बसले. चहा गुळाचा होता. सासूबाईंनी घेतला नाही.

परतताना मी सुनंदाताईंना म्हटलं, पुण्याला जाऊन नवे मणी करून आणते. त्या म्हणाल्या, जाऊन-येऊन सोमवार उलटेल. मग स्कूटर बाजूला थांबवून त्यांनी विचारलं, की ती थरथरणारी दांडी फक्त तुमच्याच लॅबमध्ये असते का. मी म्हटलं, एवढ्या ताकदीची इथं कुठं असणार. त्या म्हणाल्या, "आमचे तात्या लोणी देवकरला एका कारखान्यात आहेत. तिथं प्लॅस्टिकचे डबे बिनआगीचे जोडतात. आवाजानं जोडतात म्हणे."

लोणी देवकर

तात्या म्हणजे सुनंदाताईंचे धाकटे चुलते. राहायला इंदापुरात. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्याकडे पोचलो. गठ्ठा विरघळवायला लागणारा द्रव सुनंदाताईंनी एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून मिळवला होता. त्याला नेलपॉलिशसारखा वास येतो, आणि वडापच्या सबंध जीपमध्ये तो वास भरला होता. पुढे बसलेल्या आजीबाईंनी मला विचारलं, लग्नाला चाललीस का.

तात्या साठीला टेकलेले, बुटके, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एकच विचारलं, तुमची दांडी सेकंदाला किती हालते. वीस हजार म्हटल्यावर ते उठले आणि आतून एक वही घेऊन आले. त्यात त्यांनी आपल्या मशीनचे आकडे स्वतः लिहून ठेवले होते. तिथंही वीस हजारच होते.

"भाऊबंदच निघालं की," ते म्हणाले. "उद्या जेवणाच्या सुट्टीत या. अर्धा तास हाय. साहेबांना मी सांगून ठेवतो."

जेवायला काकूंनी उजनीच्या पाण्यातले मासे केले होते. समुद्राची माणसं आम्ही, गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडायची सवय. पण काळ्या मसाल्यातला तो रस्सा आणि कडक भाकरी खाताना मी नाक मुरडायचं विसरले. काटे मात्र आमच्या माशांपेक्षा जास्त. काकू माझ्या ताटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, कोकणातली पोर काटे बरोबर काढते.

गुरुवारी दुपारी कारखान्याची घंटा झाली, कामगार डबे घेऊन लिंबाखाली गेले आणि तात्यांनी आम्हाला आत घेतलं. मशीन माणसाएवढं उंच. वरून एक चकचकीत धातूचा ठोकळा खाली येतो, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांवर टेकतो, सेकंदभर थरथरतो, आणि तुकडे एकजीव होतात. मी आदल्या संध्याकाळीच गठ्ठा विरघळवून पुन्हा काला करून ठेवला होता. तात्यांनी दारं-खिडक्या उघडल्या, जवळपासचा विजेचा शेगडा बंद केला आणि वाळूची बादली आणून ठेवली. द्रव पेट घेणारा आहे हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यावर त्यांनी हसणं बंद केलं होतं.

मी अर्धा काला काचेच्या पात्रात, पाण्यावर ओतला आणि ठोकळ्याखाली ठेवला. तात्यांनी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली. ठोकळा खाली आला आणि पात्र तळातून फुटलं. माझा अर्धा माल टेबलावरून खाली ठिबकला.

मला रडू येत होतं. तात्या फुटक्या काचेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चूक माझी हाय. ह्याला दाबायची सवय हाय. दाबू न देता लोंबकळत ठिवला पायजे." त्यांनी पाना घेतला आणि ठोकळ्याच्या वाटेत एक अडसर बसवला, म्हणजे तो ठरावीक उंचीखाली येणार नाही. मग आपल्या डब्यातलं स्टीलचं फुलपात्र रिकामं करून, घासून, पुसून माझ्यासमोर ठेवलं. गारीगारवाल्याकडून सुनंदाताईंनी बर्फ आणला होता. थरथरीनं मिश्रण तापू नये म्हणून बर्फाच्या वाटीत फुलपात्र ठेवलं. सुट्टीतली पंधरा मिनिटं उरली होती.

ठोकळ्याचं टोक पाण्यात बुडालं. तात्यांनी बटणं दाबली आणि फुलपात्रातून फुसफुस आवाज आला, गरम तव्यावर पाणी टाकल्यासारखा. खरा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पाण्यात बुडबुडे फुटतात त्याचा हा आवाज. मशीन एका वेळी सेकंदभरच चालायचं. म्हणून पुन्हा दाबायचं, पुन्हा दाबायचं. तात्यांचे हात दमले की मी, मी दमले की सुनंदाताई. तेलकट काळा काला आणि पाणी आधी वेगवेगळं दिसत होतं. मग ते करडं झालं, मग दाट, एकसारखं तपकिरी. तात्या वाकून बघत होते.

"चुलीवरच्या नाचणीच्या आंबिलीगत दिसतंय," ते म्हणाले.

घंटा झाली तेव्हा आमचे सहाही हात दुखत होते. कामगार परत आले आणि प्रत्येकानं फुलपात्रात डोकावून बघितलं. सुपरवायझर म्हणून जे गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, हे कशासाठी. तात्यांनी सांगितलं, एका बाईच्या तापासाठी. त्यांनी एवढंच ऐकून आम्हाला हात धुवायला साबण दिला.

पुन्हा बारामती

त्या संध्याकाळी फुलपात्रातलं मिश्रण ढवळत ठेवलं. वास हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी गेला. मी सुनंदाताईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. पुण्याच्या मण्यांइतके ते एका मापाचे नव्हते. काही मोठे, काही अगदीच बारीक. पण गोल होते, सुटे होते, आणि काचेशेजारी चुंबक नेल्यावर सगळे एका दिशेनं चालू लागले. सुनंदाताई बराच वेळ डोळा लावून बसल्या होत्या. त्यांना उठवावं असं मला वाटलं नाही.

शुक्रवारी मण्यांवर पुण्याहून आणलेला जंतूंचा अंश चढवायला ठेवला. शनिवारी सकाळी सहा नळ्या मांडल्या. एकीत पुण्याहून आणलेलं, आजार नक्की झालेल्या रोग्याचं रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी. दोहोंत माझं आणि सुनंदाताईंचं. दोहोंत निरोगी असलेल्या शेजाऱ्यांचं. सहावीत शालनबाईंचं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून चारही नळ्या बिनरंगाच्याच राहिल्या. पुण्याची निळी झाली. शालनबाईंच्या नळीत आधी काहीच रंग नव्हता. मग तळाशी किंचित आभाळाचा रंग आला, आणि आम्ही बघता बघता वरपर्यंत चढला.

मी हसले. सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा सगळं करायला लावलं, नळ्यांची जागा बदलून, कोणती कुणाची हे मला न सांगता. पुन्हा त्याच दोन नळ्या निळ्या, पुण्याची आणि शालनबाईंची. मग त्यांनी ज्या डॉक्टरांनी क्षयाचं सांगितलं होतं त्यांना फोन केला. आमची तपासणी प्रयोगातली आहे, तिच्यावर औषध देता येणार नाही, पण पुण्याचं उत्तर येईपर्यंत आठवडाभर थांबावं, असं विनवलं. ते गृहस्थ चांगले निघाले. थांबले.

पुण्याचं उत्तर पुढच्या गुरुवारी फोनवर आलं. तेच होतं, गाईंपासूनचा ताप.

पुन्हा काटेवाडी

मी परत निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं काटेवाडीला गेलो. तात्यांनी रजा काढली होती. ज्या बाईसाठी बटणं दाबली तिला बघायचं होतं, म्हणाले.

सुनंदाताईंनी ओट्यावर बसून सगळं नीट सांगितलं. हा क्षय नाही. एका माणसापासून दुसऱ्याला हा सहसा होत नाही. ताट वेगळं करायची गरज नाही. दोन औषधं, दीड महिना, एकही दिवस न चुकवता. दूध उकळूनच घ्यायचं. गाय गाभडली तर उघड्या हातानं काही धरायचं नाही. आणि गाईंचंही रक्त तपासायला हवं.

शालनबाईंनी आधी एकच विचारलं, पोरीला कधी आणायचं. आजच आणा, असं सुनंदाताई म्हणाल्या. शालनबाईंचे यजमान तोवर मोटारसायकल काढायलाही गेले. जाता जाता ते म्हणाले, की ती गाभडलेली गाय येत्या बाजारात विकून टाकू, कटकट नको.

"न्हाय विकायची," शालनबाई म्हणाल्या.

ते थांबले. त्या पेरूखालून उठून ओट्यापर्यंत आल्या होत्या. "जे मला झालं ते दुसऱ्या बाईच्या गोठ्यात धाडायचं का? बांधून ठिवू तिला लांब. दूध न्हाय काढणार. आन् डेअरीत मी सांगणार हाय. वरच्या आळीत दोन गाई गाभडल्यात, त्या बायकांना ठावं असाया पायजे."

यजमान म्हणाले, मग आपलं दूध कोण घेणार. त्या जागच्या हलल्या नाहीत. तात्यांनी मध्ये पडून सांगितलं, की उकळलं की भीती नाही हे डॉक्टर स्वतः डेअरीत येऊन सांगतील. सुनंदाताईंनी हो म्हटलं. यजमानांनी थोडा वेळ गोठ्याकडे बघितलं आणि मग मोटारसायकल सासुरवाडीच्या रस्त्याला लावली.

आम्ही सामान आवरायला लागलो. एवढा वेळ सासूबाई उंबऱ्यावर बसून होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी नळ्यांची पेटी बंद करत होते तेव्हा त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि डाव्या हाताची बाही वर केली.

"माझं बी घ्या," त्या म्हणाल्या.

सुनंदाताईंनी विचारलं, तुम्हाला काय होतंय.

"तेच. संध्याकाळी ताप, गुडघं धरत्यात. पौषापासनं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "वासरू काढताना ही एकटी नव्हती. मागनं मी धरलं हुतं."

शालनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, मग बोलला का न्हाय?"

"दोघी निजलो असतो तर घर कुणी बघायचं? आन् खरं सांगू का... मला बी वाटलं, क्षयच हाय. तुझ्यापासनंच आलाय."

मला वाटलं, शालनबाई आता आत निघून जातील. त्या गेल्या नाहीत. त्या सासूशेजारी बसल्या, त्यांचा सुरकुतलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि कोपराच्या वर अंगठ्यानं दाबून धरला, शीर वर यावी म्हणून. सुया टोचून घेऊन घेऊन त्यांना ते चांगलं ठाऊक झालं होतं.

"टोचा ताई," त्या मला म्हणाल्या. "मी धरलंय."